कुबराला उचलायचं नाही

कुबराला आयुष्यात सगळ्यात जास्त शिसारी आली ती ‘बिचारी’ या शब्दाची. शिवी दिलेली तिला चालायची. शिवीला उलट शिवी देता येते, फिट्टंफाट होते. ‘बिचारी’ला उलट काय द्यायचं? लोक दारातून आत यायचे, चपला काढतानाच मान वाकडी करायचे, जिभेनं च्च च्च करायचे आणि तिच्या पायांकडं बघत म्हणायचे, “बिचारी!” जणू पाय म्हणजे मयत आणि हे मातीला आलेले. मग सोफ्यावर ऐसपैस बसून तिच्याच हातचा चहा प्यायचे आणि वर साखर कमी पडली म्हणायचे. मेल्यांनो, बिचारीच्या घरी साखर कमीच असणार!

ती राहायची दम्मामला, एका तीन मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. इमारतीत बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली, कुणी श्रीवर्धनचं, कुणी राजापूरचं. कुबराचं माहेर दाभोळच्या खाडीवर. बाप तांडेल, घरची होडी. नवरा कादिर दम्मामच्या बंदरात क्रेन चालवायचा. मूलबाळ झालं नाही, त्यावरून ती आधीच एकदा ‘बिचारी’ झालेली होती. पण तेव्हा पाय चालत होते, त्यामुळे कुणी तसं म्हटलं की सरळ उठून स्वयंपाकघरात जाता यायचं.

आखाती युद्धाच्या दोनेक वर्षं आधी दोघं हुफूफहून खजुराच्या पेट्या घेऊन पिकअपमधून परत येत होती. रस्त्यात उंट आडवा आला. कादिरनं गाडी वळवली, गाडी उलटली. उंट उठून चालू लागला, कादिरचा एक दात गेला आणि कुबराचा कणा मोडला. कंबरेच्या खाली सगळं खलास. डॉक्टर इंग्रजीत बरंच काही बोलला, कादिरनं त्याचं हिंदी करून सांगितलं, आणि कुबरानं त्याचं आपल्या भाषेत केलं, “म्हणजे अर्धी गेले आणि अर्धी राहिले. पुरायला घ्यायचं तर पुरं मरायला पाहिजे, नाही का?”

खोटं कशाला बोला, तिला स्वतःच्या देहाचाही वीट आला होता. नळी, पिशवी, पिशवीचा वास. बुडाला जखम झाली का हे दिवसातून दोनदा आरसा धरून बघायचं, कारण जखम झाली तरी दुखणार नाही, नुसती सडत जाणार. ज्या बाईनं कधी उष्ट्या भांड्याला आपलं भांडं लागू दिलं नाही, तिला आता स्वतःच्याच अंथरुणाची किळस यायची. नमाजाला बसताना ती तीनतीनदा विचारायची, “वास येतो काय हो?” कादिर म्हणायचा, “नाही गो.” येत असायचा. दोघांनाही माहीत असायचं.

कादिर माणूस चांगला होता. हेच तर दुखणं होतं. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून परत पलंगावर, तो तिला उचलून न्यायचा. सांगायची गरज नाही, विचारायची पद्धत नाही. ती भाजी चिरत असली तरी मागून यायचा, “चल, आंघोळीची वेळ झाली,” आणि उचलायचा. हातात सुरी तशीच. मशिदीत लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. “कादिरभाई, तुम्ही तर जन्नत कमावताय.” हे ऐकून तो घरी यायचा तेव्हा चेहऱ्यावर असं काही तेज असायचं की कुबरा तोंड फिरवायची.

“जन्नतीचा जिना म्हणजे मी,” ती एकदा म्हणाली. “माझ्यावर पाय देऊन चढताय.”

कादिरला कळलं नाही. त्यानं तिला उचलून उशीला टेकवलं.

मग ऑगस्ट महिन्यात इराकनं कुवेत गिळलं. रस्त्यावर फौजेच्या गाड्या, दुकानातून पाण्याच्या बाटल्या गायब, खिडक्यांना चिकटपट्ट्या. अर्धी इमारत तिकीट काढू की नको करत राहिली आणि शेवटी राहिलीच, कारण कफीलकडं, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या अरबाकडं, पासपोर्ट आणि गावाकडं घराचं अर्धं बांधकाम. तिसऱ्या मजल्यावरच्या मोहियुद्दीनभाईंनी मात्र या गडबडीत स्वतःची बढती करून घेतली. ते एका कंपनीत हिशेबनीस होते. आता ते इमारतीचे सेनापती झाले. तळमजल्यावर एक मोठी खोली होती. तिच्या फटी बुजवल्या, दाराला लावायला ओले टॉवेल, पाणी, बिस्किटं. भोंगा वाजला की सगळ्यांनी तिथं जमायचं, दार बंद, टॉवेल बंद, विषारी वायू आत येता कामा नये. आणि भोंगा वाजायच्या आधी तालीम.

तालमीचा सगळ्यात मोठा कार्यक्रम म्हणजे कुबरा. बाकीच्यांना नुसतं जिन्यानं उतरायचं होतं, त्यात काय मजा? कुबराला खाली न्यायचं म्हणजे पराक्रम. मोहियुद्दीनभाईंनी चार गडी नेमले. दोघांनी काखेत धरायचं, दोघांनी पाय. शुक्रवारी जुम्म्यानंतर सगळे बिर्याणी खाऊन आले, ढेकर देत, आणि दारात उभे राहिले. कादिर म्हणाला, “या, या.” कुबरा म्हणाली, “मी नाही म्हटलं तर?” सगळे हसले. बायका जिन्याच्या कठड्याला रेलून बघायला उभ्या. मोहियुद्दीनभाईंची बायको हफीजाआपा सगळ्यांत पुढं.

उचलली. जिन्याच्या वळणावर कोणाचातरी तोल गेला, कपडा वर सरकला, आणि कुबरानं खाली बघितलं. एका परक्या माणसाचा पंजा तिच्या उघड्या मांडीवर होता. चांगली घट्ट पकड. अंगठी, अंगठीतला हिरवा खडा, बोटांवरचे केस, सगळं दिसत होतं. आणि लागत काहीच नव्हतं. दुसऱ्या कुठल्या बाईनं पंजा झटकला असता, किंचाळली असती, निदान अंग चोरलं असतं. अंग चोरायलासुद्धा अंग आपलं लागतं. तो माणूस वाईट होता असंही नाही, त्याचं लक्षही नव्हतं, त्याला धापा लागल्या होत्या. तेच तर! पोतं उचलताना पोत्याकडं कोण बघतं?

“वा! उत्तम!” मोहियुद्दीनभाई घड्याळात बघत म्हणाले. हफीजाआपा म्हणाल्या, “बिचारी!”

कुबरा खाली खोलीत ओकली. लोक म्हणाले, जिन्यात घेरी आली असणार.

घरी आल्यावर तिनं कादिरला स्पष्ट सांगितलं, “मरेन, पण या चौघांच्या हातांनी जायची नाही.” कादिर म्हणाला, “मग मी एकटा कसा नेऊ? जिना अरुंद, माझी कंबर धरलेली; इस्पितळाला नेताना दर चार पायऱ्यांना टेकवतो, भोंग्यात तेवढा वेळ कुठला? तुला असं होत असेल तर गावी जा. विमानं चालू आहेत तोवर जा.” गावी! सासरचं घर डोंगराच्या उतरणीवर, रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. तिथं चार गडी खुर्चीला बांबू बांधून नेणार-आणणार, मरेपर्यंत, आणि वाटेत भेटेल तो प्रत्येक जण च्च च्च करणार. इथं चार गडी नि तिथं चार गडी. तिसरी गोष्ट एकच, की कुबरानं आपली आपण खाली जायचं. खुर्चीतून जमिनीवर, जमिनीवरून जिन्यानं, आणि तळाला परत खुर्चीत. ती घरी करून बघायला गेली तर खुर्चीतून जी कोसळली ती कादिर कामावरून येईपर्यंत फरशीवर कुशीवर पडून राहिली. एक गाल फरशीला चिकटलेला, समोर पलंगाखालची धूळ. दीड वर्षात कुणी तिला पडूच दिलं नव्हतं, मग उठणार कशी?

इस्पितळात तिला व्यायाम शिकवायला एक बाई होती, अनुराधा. पुण्याची. नवरा श्रीपाद बँकेत, म्हणून रियाधहून बदली होऊन दम्मामला आलेली. ती ‘बिचारी’ म्हणत नसे, एवढ्यावर कुबरा तिला सहन करायची. कुबरानं तिला जिन्याचं सगळं सांगितलं, पंज्यासकट. अनुराधा म्हणाली, “कुबराभाभी, तुम्हाला पडायला शिकवते.”

“पडायला? तेवढंच तर येतं मला.”

“नाही येत. तुम्ही पोत्यासारख्या पडता.”

इस्पितळाच्या कोठारात एक यंत्र धूळ खात पडलं होतं. अनुराधाच्या आधीपासून तिथं एक ऑस्ट्रियन माणूस होता. त्याच्या मुलखात बर्फ. कंबरेखाली लुळे झालेले लोकसुद्धा तिथं बर्फावरून घसरत जातात म्हणे. इथं बर्फ नाही म्हणून त्यानं वाळूच्या टेकड्यांवर दोघातिघांना शिकवलं होतं. कुवेतची बातमी आली तसा तो पहिल्या विमानानं पळाला, यंत्र राहिलं. प्लास्टिकची टोपलीसारखी बैठक, तिला पट्टे, खाली एकच रुंद फळी, पुढून वर वळलेली. आणि दोन हातांत धरायला दोन दांडे, त्यांच्या टोकाला पिटुकल्या फळ्या.

“ह्यांना आउटरिगर म्हणतात,” अनुराधा म्हणाली.

“काय?”

“आउटरिगर. तोल जाऊ नये म्हणून बाजूला टेकवायचे.”

कुबरानं दांडा हातात घेऊन उलटासुलटा केला. “मग उलांडी म्हण की! आमच्या होडीला असते बाजूला. एवढं इंग्रजी फाडायचं कशाला?”

अनुराधानं पुण्यात जन्म काढला, तिला उलांडी कुठली माहीत असणार? होडी उलटू नये म्हणून बाजूला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेलं लाकूड, हे कुबरानं तिला समजावून सांगितलं आणि मनातल्या मनात म्हणाली, म्हणजे ही होडीच की, ही तर मला येते. आणि तिथंच घात झाला.

शुक्रवारी सकाळी श्रीपाद दोघींना जीपमधून अर्धचंद्र आखाताकडं घेऊन जायचा. बायकांना गाडी चालवायची बंदी, म्हणून त्याला यावं लागायचं. तिथं समुद्राच्या कडेला वाळूच्या उंच टेकड्या आहेत, एका अंगानं मंद चढ, दुसऱ्या अंगानं एकदम उतार. मंद अंगानं श्रीपाद जीपला दोर बांधून यंत्र वर ओढायचा आणि मग जीप वळवून, काचा बंद करून, पाठ करून रेडिओवर बातम्या ऐकत बसायचा. माणूस समजूतदार. कादिरला सांगितलं होतं, इस्पितळात जादा व्यायाम. ते काही खोटं नव्हतं.

अनुराधानं फळीच्या तळाला मेणबत्ती घासली, कुबराच्या बुडाखाली जाड गादी घातली, पट्टे आवळले आणि म्हणाली, “एक नियम. तुम्ही पडलात तर मी उचलणार नाही.”

“हात तरी देशील?”

“नाही.”

पहिल्याच उतारावर बैठक उजवीकडं कलली, आणि कुबरानं खाडीवरचं कुठलंही पोर जे करील तेच केलं. होडी उजवीकडं कलली की अंग डावीकडं टाकायचं. वरच्या बाजूला सगळ्यांनी सरकायचं, नाहीतर होडी पाणी घेते. हे काय शिकवावं लागतं? तिनं अंग डावीकडं टाकलं, आणि फळी खालून सटकन निसटली. ती तोंडावर वाळूत. नाकात वाळू, डोळ्यात वाळू, दातांत वाळू करकरली. थुंकली, तर थुंकीसुद्धा तोंडाच्या बाहेर जाईना, हनुवटीला लोंबली. “शी!” ती म्हणाली. “शी, शी, शी!”

“उठा,” अनुराधा म्हणाली.

“कशी?”

“फळी उताराच्या बाजूला फिरवा. आडवी. मग वरच्या हाताला रेटा द्या.”

कुबरा फिरवायला गेली, यंत्र आणखी घसरलं. मग तिनं अनुराधाला शिव्या द्यायला सुरुवात केली. पुण्याला दिल्या, ऑस्ट्रियाला दिल्या, त्या उंटाला दिल्या, उंटाच्या आईला दिल्या. अनुराधा जरा लांब वाळूत बसून केस बांधत राहिली. ऊन चढलं. काचाबंद जीपमधून बातम्यांची कुजबूज येत होती. वाळूत कुठल्यातरी फौजेच्या शिपायांनी खाऊन टाकलेले डबे पडले होते, त्यांना माश्या लागल्या होत्या, त्या माश्या आता कुबराकडं वळल्या. एक तिच्या ओठावर बसली. हात अडकलेला, उडवता येईना. रागानं तिला रडू आलं, आणि रडल्यावर माश्या जास्त आल्या.

त्या दिवशी ती उठली नाही. जीपच्या दोरानं ओढून सरळ केली. दोर चालला तिला. दोराला मांडी कळत नाही.

दुसऱ्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या शुक्रवारी तेच. “कलेल तिकडंच झुका, भाभी! जिकडं पडतंय तिकडंच वजन द्या, उलांडी टेकवा!” अनुराधा ओरडायची. कुबराचं डोकं हो म्हणायचं, अंग ऐकायचं नाही. पन्नास पिढ्या पाण्यावर गेलेल्या घरातलं अंग ते, पडणाऱ्या बाजूला झुकणं म्हणजे त्याला जीव देणंच वाटायचं. वाळूचं नि पाण्याचं गणितच उलटं. “कुणा गाढवानं काढलं हे?” ती विचारायची. “ही होडी नाही, ही होडीची सवत आहे!” एकदा तर अनुराधा हसली, आणि कुबरानं तिच्यावर मूठभर वाळू फेकली. मूठ बरोबर लागली. दोघी हसल्या. मग परत पडली.

पण उठायला मात्र ती शिकत गेली. इतकी पडली की न शिकून सांगते कुणाला! खांद्याला गोळे आले, तळहाताची साल निघून नवी आली. पडली की शिवी, शिवीच्या मागोमाग फळी आडवी, वरच्या हाताला रेटा, आणि बूड वर. घरी आल्यावर आरशात जखम शोधायची. एकदा लाल चट्टा दिसला तेव्हा अनुराधानं दोन शुक्रवार बंद ठेवले. त्या दोन आठवड्यांत कुबरानं घरात एवढी आदळआपट केली की कादिरनं बंदरात जादा पाळ्या मागून घेतल्या.

थंडी पडली तेव्हा एके दिवशी ती वरून सुटली, बैठक डावीकडं कलली, आणि काय झालं कुणास ठाऊक, बहुतेक कंटाळून, ती डावीकडंच झुकली. पडायचं तर पड मेले एकदाची! डावी उलांडी टेकली, फळी वाळूत रुतून वळली, आणि यंत्र पडलंच नाही. मोठा वाक घेऊन खाली निघालं. मग उजवीकडं कललं, ती उजवीकडं झुकली. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी. तळाला सपाटीवर येऊन यंत्र थांबलं, समोर समुद्र. वरून अनुराधा नाचत होती, टाळ्या वाजवत होती. कुबराला वाटलं होतं की असं कधी झालं तर आपण रडू, अल्लाचे आभार मानू. तसं काही झालं नाही. तिला फक्त सडकून भूक लागली, आणि कुणीही, कुणीच, तिला हात लावलेला नव्हता.

आता ही गोष्ट लपते थोडीच! इस्पितळातून कुणीतरी बोललं, हफीजाआपांपर्यंत पोचलं, आणि हफीजाआपांच्या तोंडून सगळ्या इमारतीत. “बाईमाणूस, त्यात ही अशी, वाळूत घसरगुंडी खेळते म्हणे! युद्ध तोंडावर आलंय नि हिला थेरं सुचतात.” कादिरच्या कानावर मशिदीच्या पायरीवर गेलं. तो घरी आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

“मी कुठं कमी पडलो?” त्यानं विचारलं. “एवढं करतो तुझ्यासाठी. लोक काय म्हणतील? नवरा उचलायला दमला म्हणून बायको वाळूत लोळते?”

“तुम्ही मला कधी विचारलंत काय, उचलू का म्हणून?”

“विचारायचं काय त्यात? बायको आहेस.”

“पेटीलाही विचारत नाहीत,” कुबरा म्हणाली. “पण क्रेनवर जो बसतो तो पेटी उचलण्याआधी खालच्या माणसाची खूण बघतो ना? तुम्हीच सांगितलंय मला. पेटीला तेवढा मान. मला तेवढाही नाही.”

कादिर न जेवताच उठला. पण त्या रात्री त्यानं तिला पलंगावर उचलून ठेवलं तेव्हा त्याचे हात नेहमीसारखे सराईत नव्हते. आणि तिकिटाचं त्यानं पक्कं केलं. महिना संपला की गावी. “तिथं निदान बॉम्ब नाहीत,” तो म्हणाला. कुबरा म्हणाली, “भोंगा वाजू दे एकदा. मी खाली गेले तर राहीन. नाही गेले तर न्या खुर्चीला बांबू बांधून.” हे बोलणं दोघांत ठरलं.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. आणि एका संध्याकाळी, मगरीबची नमाज नुकती झाली होती, भोंगा वाजला.

तालमीत भोंगा म्हणजे मोहियुद्दीनभाईंचा आवाज होता. हा भोंगा पोटात शिरला. सगळ्या जिन्यावर पायांचा धडधडाट. कादिरनं दार उघडलं आणि ओरडला, “अरे या! पाय धरायला या कुणीतरी!” चार गडी नेमलेले होते ना? पहिला धावत गेला, दारासमोरून, मान न वळवता. दुसरा पोराला काखोटीला मारून गेला. हिरव्या खड्याची अंगठी असलेला तिसरा, त्याच्या पायांत चप्पलही नव्हती; चौथा तर दिसलाच नाही. मोहियुद्दीनभाई कंपनीनं दिलेला मास्क लावून हत्तीसारखी सोंड हलवत गेले, आणि मागून हफीजाआपा, ओढणीनं नाक दाबून. कुणी बिचारी म्हणालं नाही. म्हणायला वेळ नव्हता.

कादिर मागं वळला तर कुबरा खुर्चीत नव्हती. ती खाली होती. पडली होती असं नाही, उतरली होती. यंत्रातली, घरी आणून ठेवलेली गादी ओढणीनं कमरेला बांधलेली. दोन्ही हात मागं टेकून ती दाराकडं सरकत होती.

तो धावला, वाकला, हात पुढं केले.

“हात लावू नका.”

“कुबरा, वेळ नाही!”

“खुर्ची घ्या नि पुढं व्हा.”

तिनं आपल्या हातांनी पाय उचलून पहिल्या पायरीवर सोडले, तळहात टेकले, बूड उचललं आणि खाली टेकवलं. मग परत पाय. जिना घाणेरडा होता. केर, ओल, कुणीतरी थुंकलेलं. तिचा तळहात त्यातच पडला, तिनं तो भिंतीला पुसला आणि पुढची पायरी घेतली. वळणावर तिचा तोल गेला, ती भिंतीकडं कलली आणि भिंतीकडंच झुकली. खांदा टेकला, सरळ झाली. मागून उशिरा निघालेलं एक बिऱ्हाड तिला ओलांडून गेलं. एकाचा पाय तिच्या बोटांवर पडला. ते दुखलं. तिथं तिला दुखत होतं.

खालून मोहियुद्दीनभाईंचा मास्कमधला घुमा आवाज आला, “दार बंद करतोय! कोण राहिलंय?”

“आम्ही!” कादिर ओरडला. “कुबरा येतेय! एक मिनिट!”

“उचलून आण ना तिला! सगळ्यांना मारणार काय?”

आणि खरं सांगायचं तर भाई चुकीचं बोलत नव्हते. आत पोरं होती. कादिरनं खुर्ची खाली ठेवली आणि वर बघितलं. दोन ढांगांत तिच्यापाशी जाऊन, खांद्यावर टाकून, कंबर मोडली तर मोडली, दारातून आत जाता आलं असतं. कुबरा त्याच्याकडं बघत होती. घामानं भिजलेली, दात आवळलेले. कादिर जागचा हलला नाही. मग म्हणाला, “करा बंद.”

दार बंद झालं. टॉवेल कोंबल्याचा आवाज आला. आकाशात कुठंतरी दोनदा फुटल्यासारखं झालं, जिन्याची काच थरथरली. कादिर जिन्याच्या तळाशी कलमा पुटपुटत उभा राहिला, आणि कुबरा एकेक पायरी उतरत राहिली.

ती तळाला पोचली, भिंतीला पाठ लावून बसली, तेवढ्यात धोका टळल्याचा लांब भोंगा झाला. दार उघडलं. आतली ऊब आणि घामाचा दर्प भस्सकन बाहेर आला, आणि त्याच्यामागोमाग माणसं. मोहियुद्दीनभाईंनी मास्क काढला, तोंडावर लाल वळ उठले होते. हफीजाआपांनी कुबराला जमिनीवर बघितलं आणि मान वाकडी केली.

“या अल्ला! बिचारी बाहेरच राहिली गो! कादिर, काय हे? अरे, बघत काय उभे राहिलात? उचला तिला!”

आणि आले की चौघे! दोन काखेकडं, दोन पायांकडं, ठरल्याप्रमाणे, बाह्या वर सारून.

कादिर मध्ये आला. आयुष्यात कधी कुणावर आवाज न चढवलेला माणूस, एवढ्या जोरात ओरडला की खोलीतलं एक पोर रडू लागलं.

“कुणी हात लावायचा नाही!”

चौघे थबकले. कादिर वळला आणि कुबरासमोर फरशीवर, त्या केरातच, गुडघे टेकून बसला. हात तसेच पुढं निघाले होते, सवयीनं. त्यानं ते मागं घेतले, मांडीवर ठेवले, परत उचलले. ते कुठं ठेवायचे हे त्याला कळेना.

“हात कुठं ठेवू?” त्यानं विचारलं. “तू सांग.”

कुबरानं तळहाताची घाण कुडत्याला पुसली.

“चाकाला धरा,” ती म्हणाली. “खुर्ची सरकू देऊ नका.”